त्रेसष्ट नंबरची स्लाइड

१४ जानेवारी, बुधवार

सोलोंगोनं आज ही वही हातात ठेवली. "बाग्श, स्लाइड्स वाचताना ज्या शंका येतील त्या रोज इथं लिहायच्या. फक्त कामाचं लिहायचं." ती मला अजून बाग्श, म्हणजे गुरुजी, म्हणते. पाच वर्षांपूर्वी ही मुलगी माझ्याकडे मायक्रोस्कोपची धूळ पुसायला शिकत होती. आता डॉक्टर झाली, या अभ्यासाची प्रमुख झाली, आणि मला गृहपाठ देते. बरं.

काम असं आहे. सात वर्षांपूर्वी शहरातल्या दोन रुग्णालयांत मिळून एकशे बारा जणांवर यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून जपून ठेवलेत. त्यांचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे, आणि कुठल्या गाठीत कुठली खूण किती आहे ते मी सांगायचं. दुसरीकडे सगळ्यांना फोन करून माणूस आहे की गेला, गाठ परत आली की नाही, ते विचारायचं. शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. शस्त्रक्रियेच्या दिवशीच पुढचं ओळखता आलं असतं का, हा प्रश्न.

मला नावं कळू द्यायची नाहीत. फक्त नंबर. नावांची यादी नोर्जमाच्या कपाटात, किल्ली तिच्या खिशात. नोर्जमा वीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत काप घेते, रंगवते. सगळे तिला ताई म्हणतात, मी सोडून, कारण मी सहा वर्षांनी मोठा.

मी सोलोंगोला म्हटलं, "नावं लपवायची काही गरज नाही. चौतीस वर्षं झाली, माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

नोर्जमा मागून म्हणाली, "खरंय. मी शनिवारी केस कापले, डॉक्टर. कमरेपर्यंत होते."

होते का? मी वळून पाहिलं. मानेपर्यंत होते. सोलोंगो तोंडावर हात धरून बाहेर गेली.

शंका: नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नोर्जमाचे फोन सुरू झालेत आणि माझी शांतता गेली. मी म्हटलं, एका माणसाला दोन मिनिटं पुरेत. जिवंत का, गाठ परत आली का, कधी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच रिसीव्हर खाली ठेवला असता.

ती असं काही विचारतच नाही. पलीकडून कोणी उचललं की म्हणते, "हिवाळा बरा जातोय ना?" आणि गप्प बसते. ज्यांचं माणूस आहे ते लगेच बोलायला लागतात, थंडी, कोळसा, नातवंडं. ज्यांचं गेलं ते आधी थांबतात. त्या थांबण्यावरून तिला कळतं, मग ती पुढचं हळूच विचारते. आज एका बाईंनी चाळीस मिनिटं नवऱ्याच्या घोडीबद्दल सांगितलं. घोडी अजून आहे म्हणे.

आज सात फोन झाले. या वेगानं मी निवृत्त होईन.

२३ जानेवारी, शुक्रवार

त्रेसष्ट नंबर. हे नीट लिहून ठेवतो.

आम्ही जी मुख्य खूण शोधतोय तिला इथं सगळे नुसतं 'एकोणीस' म्हणतात. हे प्रथिन पित्तनलिकेच्या पेशींत असतं, यकृताच्या साध्या पेशींत नसतं. यकृताच्या गाठीत ते दिसलं, तर गाठ खोडकर, परत यायची शक्यता जास्त. असलं की तपकिरी रंग उठतो, नसलं की सगळं निळंसर. शंभरात पाच पेशी तपकिरी झाल्या तरी आम्ही 'आहे' म्हणतो.

त्रेसष्टमध्ये शंभरातल्या साठ. अख्खी स्लाइड तपकिरी.

सोलोंगोला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून दाखवलं आणि म्हटलं, "हे त्रेसष्ट बघून ठेव, शंभरात साठ. हा गडी दोन वर्षंसुद्धा टिकला नसेल."

नोर्जमा काप तरंगवायच्या भांड्यात गरम पाणी ओतत होती. म्हणाली, "गडीच कशावरून?"

"असल्या गाठी पुरुषांच्याच."

"आणि बायकांच्या कसल्या असतात? भरतकाम केलेल्या?"

"नोर्जमा, पाणी सांडतंय."

खरंच सांडत होतं, टेबलावर सगळीकडे. वीस वर्षांत तिच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता. तिनं पुसलं आणि विचारलं, "साठ म्हणजे नक्की साठ? परत बघा ना."

मी परत पाहिलं. साठ. तिला शंका आली की काल रंग जास्त वेळ राहिला असेल, म्हणून जास्त चढला असेल. मला हसू आलं. तिनं रंग बिघडवला असं तिनंच म्हणायचं! तरी तिनं त्याच मेणाच्या ठोकळ्याचा नवा काप घ्यायचं ठरवलं. घेऊ दे.

शंका: मी सोलोंगोला मोठ्यानं सांगायला नको होतं. वाचणाऱ्यानं निकालावर बोलू नये, असा नियम मीच दहा वर्षं शिकवतोय. पण खोलीत आम्ही तिघंच होतो, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

त्रेसष्टचा नवा काप. पुन्हा साठ. नोर्जमा माझ्या खुर्चीमागे उभी होती. म्हणाली, "रंग चांगला उठलाय." मग फोन करायला गेली, पण बराच वेळ फोन केल्याचा आवाज आला नाही.

गुरुवारी रजा मागितली. दाताचं काम आहे म्हणे. त्सागान सार, आमचा नववर्षाचा सण, जवळ आला की साऱ्या रुग्णालयाचे दात दुखायला लागतात. मी म्हटलं, "सणाला बूझ खायचे म्हणून दात घासून घेतेस का?" ती हसली. दिली रजा.

सात वर्षांपूर्वीही एकदा अशीच ऐन कामात तीन महिने गेली होती, आई आजारी म्हणून, गावी आर्खांगायला. तिच्या जागी आलेल्या मुलानं माझ्या निम्म्या स्लाइड्स वाया घालवल्या होत्या, म्हणून लक्षात आहे. परत आली तेव्हा इतकी वाळलेली, की आजारी नक्की कोण होतं ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आपण कोणाच्या घरच्या गोष्टीत पडत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

उणे चौतीस. धुरानं खिडकीबाहेरचं काही दिसत नाही. आमच्या खारट दुधाच्या चहात आज मीठच नव्हतं. नोर्जमाचं लक्ष नाही.

शहाण्णवपर्यंत झाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर घरी बूझ, म्हणजे मांसाचं सारण भरून वाफवायचे मोदक. माझी बायको देल्गेर पीठ लाटते, मी सारण भरतो, कडेच्या चुण्या ती पुन्हा उलगडून स्वतः घालते. तीस वर्षं हेच. सातशे झाले. थंडीत गोठवायला गच्चीवर ठेवले.

हात कामात असले की तोंड सुटतं. मी तिला त्रेसष्ट नंबरची गोष्ट सांगितली, पाण्याचीसुद्धा, दाताचीसुद्धा. शिवाय एक गंमत म्हणून हेही सांगितलं, की सात वर्षांत प्रत्येक मेजवानीत नोर्जमा आपला व्होडकाचा पेला माझ्या पेल्यात ओतते. इतकी वर्षं इतका मान कोण ठेवतं?

देल्गेरचं लाटणं थांबलं. "मान?"

"मग काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या नाकाला पीठ लागलं असेल म्हणून मी पुसलं.

"नोर्जमा कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी आहे. दात दुखत होता."

"गोन्चिग," बायको मला नावानं हाक मारते तेव्हा मी सावध होतो, "तू जन्मभर लोकांची लिव्हरं बघितलीस. त्यांच्याभोवती माणसं असतात हे तुला कोणी कळवलं नाही का?"

"माझ्याकडे आली तेव्हा ती लिव्हरं माणसांतून बाहेर काढलेली होती," मी म्हटलं. हे मला चांगलं सुचलं होतं. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "तिला सणाला घरी बोलव."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सणाचा दुसरा दिवस. नोर्जमा आली, निळ्या देलमध्ये, सणाच्या लांब झग्यात. वयानं लहान, म्हणून रीतीप्रमाणे तिनं माझ्या कोपरांखाली आपले हात धरले, "हिवाळा सुखाचा गेला ना?" मी गालाला गाल लावला. तिचे हात गार होते. मी म्हटलं, हातमोजे घालत जा.

देल्गेर तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लावलं. मी बाहेर टीव्हीवर कुस्ती बघत बसलो. तासाभरानं दोघी बाहेर आल्या, दोघींचे डोळे लाल. देल्गेर म्हणाली, "कांदा चिरत होतो."

ती गेल्यावर मला आठवलं, की बूझ दहा दिवसांपूर्वीच भरून झालेत. मग कांदा कशाला? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "झोप आता."

दुपारचे तीन वाजले होते.

२ मार्च, सोमवार

माझं वाचन संपलं. एकशे बारा स्लाइड्सचे आकडे पाकिटात घालून, चिकटवून, सही करून सोलोंगोला दिले. अकरा तारखेला दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या.

नोर्जमानं आठ दिवसांची रजा काढली. पुन्हा दात. मी म्हटलं, "एवढ्यात तर पूर्ण नवी बत्तिशी बसली असती." ती म्हणाली, "बसवली की तुम्हालाच आधी चावून बघेन." आणि कपाटाची किल्ली सोलोंगोला देऊन गेली. ती किल्ली ती कोणालाच देत नाही.

शंका आहे. कामाची नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

११ मार्च, बुधवार

याद्या उघडल्या.

सोलोंगो नंबर म्हणत होती, मी माझा आकडा, मग ती त्या माणसाचं काय झालं ते वाचायची. एकशे बारापैकी एकशे सहा जणांचा पत्ता लागला. अठरा जणांच्या गाठीत 'एकोणीस' होतं. पहिल्या दहापैकी नऊ जणांची गाठ तीन वर्षांच्या आत परत आलेली. मी मनात फुगत होतो, कबूल करतो. माणसं गेली होती आणि मी फुगत होतो. तेही कबूल करतो.

"त्रेसष्ट," सोलोंगो म्हणाली.

"साठ टक्के. दोनदा वाचलंय."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"किती महिने?" मी विचारलं.

"सात वर्षं, बाग्श. हयात."

"शक्य नाही. ठोकळ्याची अदलाबदल झाली असेल. नाव बघू."

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. स्त्री, शस्त्रक्रियेच्या वेळी वय सत्तेचाळीस, शहराच्या पूर्वेकडचं दुसरं रुग्णालय. फोन केल्याची तारीख लिहायची तिथं, माझ्या ओळखीच्या गोल अक्षरात, 'फोनची गरज नाही.' आणि वर नाव. नोर्जमा.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

सोलोंगोला हे कालच कळलं होतं, यादी नीट लावताना. तिनं ताईला फोन केला, आणि ताईनं सगळं सांगितलं. पाच वर्षं नीट गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी पुरे. हिनं तीही सोडली. दोन वर्षं कुठेच गेली नाही. आणि तेवीस जानेवारीला मी तिच्या पाठीमागे, पाण्याचं भांडं तिच्या हातात असताना, तिला दोन वर्षं दिली. एकोणतीस तारखेचा तो दात म्हणजे स्कॅन होता. यकृतात नवा ठिपका निघाला, दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान. परवा सुई घालून जाळून टाकला.

देल्गेरला सणापासून माहीत होतं. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तिनं शपथ घातली होती. तुमच्या याद्या उघडेपर्यंत."

आज जेवलो नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज माझ्या गाडीच्या नंबराला रस्त्यावर यायला बंदी, म्हणून नोर्जमाच्या रुग्णालयात बसनं गेलो. दीड तास. वाटेत काय बोलायचं ते चार प्रकारे ठरवलं आणि चारही विसरलो.

नोर्जमा खिडकीशी बसून लोकर विणत होती. मला बघून म्हणाली, "अरे वा, डॉक्टर. आज तुम्ही नंबर न बघता आलात?"

मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "मी म्हणालो होतो, दोन वर्षं..."

"सुद्धा," ती म्हणाली. "'दोन वर्षंसुद्धा' म्हणालात. आणि गडी म्हणालात. मला गड्याचाच जास्त राग आला."

मी माफी मागितली. नीट, उभं राहून. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कौतुकानं बघत होती.

"बसा हो, लोकांना वाटेल तुम्ही मागणी घालताय." मग तिनं विणकाम खाली ठेवलं. "त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास रडले. मग विचार केला, या माणसाला केस कापलेले दिसत नाहीत, पण तपकिरी दिसतो. यात तो चुकत नाही. म्हणून गेले तपासायला. नाहीतर कशाला जाते? मला काही होत नव्हतं."

"आधीच सांगायचंस. सात वर्षांपूर्वीच."

"सात वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तुम्ही मला ठोकळ्यांची पेटीसुद्धा उचलू दिली नसती. आणि आत्ता सांगितलं असतं, तर खरं सांगा, साठ लिहिले असते?"

मी विचार केला. तिनं मला वेळ दिला.

"पन्नास लिहिले असते," मी म्हटलं. "कदाचित चाळीस."

"बघा. म्हणून नावं लपवतात."

दहा वर्षं मी हा नियम शिकवतोय आणि तो मला आज कळला.

मी म्हटलं, अहवालात मला लिहावं लागेल की वाचणाऱ्यानं नियम मोडला, आणि रुग्णानं निकाल ऐकला. कदाचित त्रेसष्ट नंबर वगळावाही लागेल. ती एकदम ताठ झाली. "तुम्ही काय बोललात ते लिहा, खुशाल लिहा. पण मला वगळायचं नाही. माझे दोन काप मी स्वतः घेतलेत, त्यांच्याइतके सुरेख काप अख्ख्या अभ्यासात नाहीत."

"मग तुझ्यापुढे काय लिहू? हयात, की गाठ परत आली?"

"दोन्ही," ती म्हणाली. "दोन्ही खरं आहे ना?"

३० मार्च, सोमवार

नोर्जमा कामावर आली. मी एक ठोकळ्यांची पेटी उचलून दिली. "झालं सुरू," ती म्हणाली आणि पेटी माझ्या हातून काढून घेतली.

आकड्यांचं असं आहे: 'एकोणीस' असलेल्या अठरांपैकी चौदा जणांची गाठ तीन वर्षांत परत आली. चौघं तीन वर्षांनंतरही ठणठणीत होते. सोलोंगो या चौघांना तक्त्यातली अडचण म्हणते. नोर्जमानं मान हलवली. "मी एक अडचण. बाकीच्या तिघांची शेवटची तपासणी कधी झाली?"

कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही ते विचारलंच नव्हतं. सोलोंगोनं संशोधनाच्या नीतिसमितीची परवानगी काढली, आणि नोर्जमा फोनला बसली. या वेळी मी दार उघडं ठेवलं.

दोघं लगेच यायला तयार झाले. तिसरा दूरच्या झावखान भागातला पशुपालक, शागदार नावाचा. त्याचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता. "बाई, बकऱ्या व्यायला लागल्यात. आणि मला काही होत नाही."

"मलाही होत नव्हतं," नोर्जमा म्हणाली.

पलीकडे बकऱ्या ओरडत होत्या. नोर्जमानं त्याला आपलं सगळं सांगितलं, शस्त्रक्रिया, सोडलेल्या तपासण्या, ठिपका. मला जे सात वर्षांत सांगितलं नाही ते झावखानच्या अनोळखी माणसाला दहा मिनिटांत सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "करडं उभी राहिली की येतो."

"शपथ?"

"बाई, हजार किलोमीटर आहे."

"शपथ?"

"शपथ."

१४ मे, गुरुवार

शागदार आला. नोर्जमा फोनवर अडकली होती, मला खुणेनं म्हणाली, तुम्ही जा. मी म्हटलं, मी काय करू? तिनं दाराकडे बोट केलं.

स्कॅन विभाग आमच्या इमारतीत, पण दुसऱ्या टोकाला. चौतीस वर्षांत त्या बाकड्यांपर्यंत मी कामासाठी कधी गेलो नव्हतो. तो ओळखू येण्यासारखा होता, उन्हानं रापलेला, मोठा, देलच्या पट्ट्यात दोन्ही हात खोचून बसलेला. समोरच्या बंद दाराकडे असा बघत होता जसं त्यातून लांडगा यायचाय. मला त्याची स्लाइड आठवत होती. अठ्ठ्याऐंशी नंबर, तीस टक्के, डाव्या कोपऱ्यात रक्तवाहिनी. त्याच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं.

"मी डॉक्टर गोन्चिग," मी म्हटलं.

"आत तुम्हीच तपासणार?"

"नाही. मी फक्त... सात वर्षांपूर्वी तुमच्यातून जो तुकडा काढला, तो मी या हिवाळ्यात बघितला. तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग? कोण बरं दिसतंय?"

"तुम्ही," मी म्हटलं. "कितीतरी."

तो मोठ्यानं हसला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग हसू ओसरलं आणि त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. "किती वेळ लागतो याला?"

"अर्धा तास. मग निकालाला आणखी तास."

"तुमचं काम असेल ना?"

"आहे," मी म्हटलं.

तो बाकावर थोडा सरकला. मी बसलो. त्यानं विचारलं, तुमच्याकडे करडं कोणत्या महिन्यात होतात, आणि मी म्हटलं, मी शहरातला आहे, मला बकऱ्यांतलं काही कळत नाही. मग तो सांगायला लागला.